चुकांचा माग काढत गणिताचा इतिहास कसा शिकावा

माझं पोट दुसऱ्यांच्या चुकांवर चालतं. हिशेब तपासते मी. वहीत काय बरोबर आहे ते वाचायचे मला कुणी पैसे देत नाही. बेरीज शंभराने का घसरली, हा आकडा मागाहून कुणी घुसवला, वरची रक्कम खाली येताना कुठे सांडली, ते शोधायचे देतात.

गणिताचा इतिहास वाचायची हौस मला उशिरा आली आणि पहिला प्रयत्न साफ फसला. जाडजूड पुस्तक आणलं, टिपणं काढली. इजिप्त, बाबिलोन, ग्रीस, चीन, भारत, अरब, माया. प्रत्येकाखाली नावं आणि सनावळी. दोन महिन्यांनी वही उघडली तर माझंच अक्षर मला परकं वाटलं. कोण आधी आणि कोण नंतर एवढं कळत होतं, पण त्यातल्या एकाचंही एक गणित मला करून दाखवता आलं नसतं.

मग एक दिवस २३०१ हा आकडा दिसला.

इजिप्तचा ऱ्हाइंड पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची गणिताची गुंडाळी, ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमाराचा. अलेक्झांडर हेन्री ऱ्हाइंड या स्कॉटिश गृहस्थाने तो १८५८ मध्ये लक्सरला विकत घेतला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातल्या ७९ व्या उदाहरणात एक यादी आहे: घरं ७, मांजरी ४९, उंदीर ३४३, कणसं २३०१, धान्याची मापं १६८०७, एकूण १९६०७. सगळं सातपटीने चाललंय. मग ३४३ सत्ते २४०१ हवेत, २३०१ कुठून आले?

तुम्हीच बेरीज करून बघा. २३०१ धरले तर एकूण १९५०७ येतात, पण खाली लिहिलेत १९६०७, म्हणजे बरोबर. पुढची १६८०७ ही ओळ २४०१ ची सातपट, तीही बरोबर. मधली एक रक्कम चुकलेली आणि टोटल मात्र चोख, हे दृश्य माझ्या टेबलावर कितीदा आलंय. त्याचा अर्थ सहसा एकच असतो: गणित इथे सोडवलेलं नाही, दुसऱ्या कागदावरून उतरवलंय आणि उतरवताना डोळा घसरलाय. पपायरसच्या सुरुवातीला आहमेस हा लेखनिक स्वतःच सांगतो की जुन्या लिखाणावरून तो ही प्रत करतोय. त्याने सांगितलं नसतं तरी एका शंभराने सांगितलंच होतं.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे माझ्या धंद्याच्या पद्धतीने लागले. वाचायचं थोडं, हाताने करायचं जास्त, आणि चूक दिसली की तिथे मुक्काम ठोकायचा. चूक त्यांची असो की आपली.

सामान आणि वही

चौकटीची वही, कात्री, कंपास, सुतळी, दोन रंगांच्या काड्या (टूथपिक रंगवून घेतल्या तरी चालतात), मुलांची खेळायची माती आणि चौकोनी कापलेल्या टोकाची एक काडी. कॅल्क्युलेटर जवळ असू द्या, पण तो फक्त ताळा करायला.

वहीचा एकच नियम मी कडक पाळते. डाव्या पानावर गणित त्यांच्या रीतीने, त्यांच्या साधनाने. उजव्या पानावर आपल्या रीतीने, तेही डावं पान संपल्यावर. डाव्या पानावर ‘क्ष’ लिहायला बंदी. एकदा समीकरण मांडलं की दहा सेकंदांत उत्तर येतं आणि समोरचा माणूस काय करत होता ते कायमचं झाकलं जातं. वहीची शेवटची चार पानं कोरी सोडा. तिथे तुमच्या स्वतःच्या चुका, तारखेसह.

आणि सनावळीच्या क्रमाने जाऊ नका. हात बसेल त्या क्रमाने जा.

पहिलं काम: मुद्दाम चुकीचं उत्तर धरा

इजिप्तपासून सुरुवात करा, कारण तिथे पाढे लागत नाहीत, फक्त दुप्पट करता यावी लागते. ७९ व्या उदाहरणात आहमेसने तेच १९६०७ दुसऱ्या वाटेनेही काढलेत: २८०१ गुणिले ७.

१ ला २८०१
२ ला ५६०२
४ ला ११२०४

१, २ आणि ४ मिळून ७ होतात, म्हणून तिन्ही रकमांची बेरीज: १९६०७. एवढाच गुणाकार. असे दहा-बारा गुणाकार तुमच्या मनाच्या आकड्यांचे करा, म्हणजे बोटांना सवय होते.

मग २४ वं उदाहरण घ्या. एक राशी आहे, तिच्यात तिचाच सातवा भाग मिळवला की १९ होतात, राशी किती? आहमेस ७ धरतो. ७ हे उत्तर नाही हे त्याला ठाऊक आहे. सातवा भाग काढायला सोयीचा आकडा म्हणून तो ७ घेतो. ७ आणि १ मिळून ८. हवेत १९. म्हणजे ८ ला किती पट केलं की १९ होतात ते शोधायचं. दुप्पट केले की १६, पाव घेतला की २, आठवा भाग घेतला की १; १६ आणि २ आणि १ मिळून १९. म्हणून पट झाली २ आणि १/४ आणि १/८. आता ७ ला तेवढी पट द्यायची, पुन्हा दुपटीनेच:

१ ला २ + १/४ + १/८
२ ला ४ + १/२ + १/४
४ ला ९ + १/२

बेरीज १६ + १/२ + १/८. दोन-तृतीयांश सोडला तर त्यांचे सगळे अपूर्णांक असेच, अंशस्थानी १ असलेले. ३/८ असं एकत्र लिहायची सोय नाही. चिडचिड होईल पहिल्या दिवशी. होऊ द्या.

मला मात्र इथे मोठी गंमत वाटली. खोटा आकडा धरायचा, त्याने किती चुकतं ते मोजायचं आणि त्या मापाने तो दुरुस्त करायचा. शाळेत खोटं उत्तर लिहिलं की लाल फुली मिळायची. इथे ती पहिली पायरी आहे.

मातीची पाटी

आता माती. माझी पहिली पाटी वाया गेली, कारण माती फार ओली होती. काडीचा ठसा उमटायचा आणि लगेच मिटायचा. पोळपाटावर लाटता येईल इतकी घट्ट हवी. तळहातात मावेल असा चपटा गोळा करा. काडीचा कोपरा उभा टेकवला की पाचर उमटते, ती १. आडवी तिरपी टेकवली की कोन उमटतो, तो १०. या दोनच खुणांत १ ते ५९ लिहायचे. साठला पुन्हा तीच पाचर, एक घर डावीकडे. आपल्या घड्याळातली ६० मिनिटं आणि वर्तुळातले ३६० अंश याच साठच्या घरातले.

पहिला सराव: २ लिहा आणि त्याखाली ६१ लिहा. दोन्हींत दोनच पाचरी. फरक फक्त मधल्या फटीचा. पाटी दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग वाचा. मी माझंच ६१ बिनदिक्कत २ वाचलं. जुन्या बाबिलोनी पाट्यांवर शून्याची खूण नव्हती, रिकामी जागा सोडायचे. घर रिकामं असल्याची खूण कितीतरी शतकांनी आली. ती का आली असावी हे वाचून कळत नाही, ६१ चे २ झाले की कळतं.

दुसरा सराव येल विद्यापीठातल्या एका गोल पाटीचा. तिला वायबीसी ७२८९ म्हणतात. चौरस काढलाय, त्याचे दोन्ही कर्ण काढलेत. बाजूवर ३०. कर्णावर १;२४,५१,१० आणि खाली ४२;२५,३५. (अर्धविरामाच्या आधी पूर्ण आकडा, नंतरची घरं साठावा भाग, छत्तीसशेवा भाग अशी. ही विरामचिन्हं आपल्या सोयीची, पाटीवर नाहीत.) पहिला आकडा म्हणजे २ चं वर्गमूळ, दशांशात १.४१४२१३, सहाव्या दशांश स्थळापर्यंत बिनचूक. दुसरा म्हणजे त्याला ३० ने गुणून आलेला कर्ण. आता ३० ने गुणायला घेऊ नका. साठच्या घरात ३० म्हणजे अर्धा. नुसतं निम्मं करा. १;२४,५१,१० चं निम्मं ०;४२,२५,३५, एक घर सरकवा, झालं ४२;२५,३५. ही पाटी करताना मला एकदम दिसलं की बाजू म्हणून ३० च का घेतली असेल: एकाच खुणेत तीस आणि अर्धा, दोन्ही गणितं उरकतात.

आणि तिसरी पाटी, माझी लाडकी. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली प्लिम्प्टन ३२२, ख्रिस्तपूर्व १८०० च्या सुमाराची, पंधरा ओळींची. प्रत्येक ओळीत काटकोन त्रिकोणाची लहान बाजू आणि कर्ण. हिच्याबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात: पायथागोरसच्या हजार वर्षांहून आधी वगैरे. ते खरंच आहे. पण तुम्ही सरळ नवव्या ओळीवर या. तिथे लहान बाजू ९,१ लिहिलीय, म्हणजे ५४१, कर्ण ७६९. ताळा करा, जुळत नाही. ८,१ म्हणजे ४८१ घ्या: ४८१ चा वर्ग २३१३६१, ६०० चा वर्ग ३६००००, बेरीज ५९१३६१, आणि ७६९ चा वर्ग तोच. एक पाचर जास्त पडली. ही हाताची चूक. त्यातून माणूस दमला होता यापलीकडे काही कळत नाही.

तेरावी ओळ निराळी. लहान बाजू हवी १६१, म्हणजे २,४१. पाटीवर आहे ७,१२,१. हा आकडा तीनदा वाचा आणि दशमानात आणा: सात छत्तीसशे २५२००, बारा साठ ७२०, आणि १, एकूण २५९२१. आणि २५९२१ हा १६१ चा वर्ग आहे! लिहिणाऱ्याच्या हाताशी वर्ग होता. वर्गमूळ काढून लिहायचं ते विसरून त्याने वर्गच उतरवला. पाटीवर मधल्या पायऱ्या कुठेच नाहीत, नुसती उत्तरं आहेत. पण या एका ओळीत पडदा जरा सरकलाय आणि आतली मोरी दिसतेय. हाताची चूक आणि रीतीची चूक यांत भेद करायला शिका. दुसरी सापडली की त्या दिवशी बाकी काही करू नका.

बरोबर उत्तरावरून नक्कल ओळखू नका

इथे सगळ्यांत जास्त घसरगुंडी आहे, म्हणून जरा सावकाश.

बौधायन शुल्बसूत्रं ख्रिस्तपूर्व ८०० ते ५०० च्या दरम्यानची मानतात. यज्ञवेदी दोरीने मापून बांधायचे नियम. त्यात चौरसाच्या कर्णाचं माप असं दिलंय: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवा, आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हा चौतीस कुठून आला? सूत्र सांगत नाही. चौकटीच्या वहीवर करून बघा, एक पटणारी वाट सापडते.

बारा घरं बाजूचे दोन चौरस घ्या: १४४ आणि १४४, मिळून २८८ घरं. यांचा एकच मोठा चौरस करायचाय. बारात तिसरा भाग ४ आणि त्याचा चौथा १ मिळवला की बाजू झाली १७. १७ चा वर्ग २८९. एक घर जास्त झालं. ते कापून टाकायचं, पण चौरस चौरसच राहिला पाहिजे, म्हणून दोन लगतच्या कडांवरून सारखी पट्टी तासायची. दोन कडांची लांबी १७ आणि १७, चौतीस. एक घर चौतिसांवर पसरलं की पट्टीची जाडी १/३४ घर. तोच चौतीस! (तासताना कोपरा दोनदा मोजला गेला, म्हणून बारीकशी चूक उरतेच.) हे मी कात्रीने कापलं तेव्हा पट्टी इतकी बारीक निघाली की बोटाला चिकटून हरवली.

उत्तर येतं ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५. आता हा अपूर्णांक साठच्या घरात उलटवा: १;२४,५१,१०,३५. पहिली चार घरं बघा. येलच्या पाटीवरचाच आकडा! मला तर घाम फुटला होता. नक्कल सापडली असं वाटलं. मग झोपायच्या आधी २ चं खरं वर्गमूळ साठच्या घरात उलटवलं: १;२४,५१,१०,७. तीच चार घरं. म्हणजे कुणीही, कुठेही, पुरेसं नेटकं काम केलं की एवढं जुळणारच.

आमच्या कामातला हा पहिला धडा. दोन वह्यांत एकच बरोबर रक्कम सापडली तर त्याने काही सिद्ध होत नाही. दोघींत एकच चूक सापडली तर मात्र एकीने दुसरीची उतरवलीय.

अशी प्रवास करणारी चूक हवी असेल तर ‘साइन’ हा शब्द घ्या. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणतात. वर्तुळाच्या कंसाला धनुष्य मानून तोच शब्द गणितात आला आणि आर्यभटाने ४९९ मध्ये तिच्या मापांची सारणी दिली. अरबीत तो नुसत्या उच्चाराने गेला, ‘जीबा’. अरबी लिखाणात स्वर गाळतात, उरलं ज-ब. पुढच्या वाचकांना जीबा हा शब्द माहीत नव्हता, ‘जैब’ माहीत होता: कपड्याची घडी, खोळ. आपल्या ओळखीचा ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी जैबचं इमानेइतबारे ‘सायनस’ केलं, घडी किंवा खोबण. जगभरच्या कॅल्क्युलेटरवर आज ते बटण आहे. हा माग कुणी नाकारू शकत नाही, आणि तो बरोबर उत्तरातून निघालेला नाही.

काड्या, कागद, गाठी

चीनच्या ‘नऊ प्रकरणं’ या ग्रंथाचं आठवं प्रकरण काड्यांनी करा. ल्यू हुई याने त्यावर २६३ मध्ये टीका लिहिली. तांबड्या काड्या जमेच्या आणि काळ्या उण्याच्या, असं तो सांगतो. आमच्याकडे तांबडी शाई नेमकी तोट्याला, त्यामुळे पहिले तीन दिवस मी प्रत्येक चिन्ह उलटं मांडलं. मागच्या पानावर नोंद आहे.

पहिलं उदाहरण: चांगल्या पिकाच्या ३ पेंढ्या, मध्यमच्या २, हलक्याची १, मिळून ३९ मापं धान्य. दुसऱ्या वेळी २, ३, १ मिळून ३४. तिसऱ्या वेळी १, २, ३ मिळून २६. हे तीन उभे रकाने उजवीकडून डावीकडे मांडा. मधल्याला ३ ने गुणा (६, ९, ३, १०२) आणि त्यातून उजवा रकाना दोनदा काढा: ०, ५, १, २४. डाव्याला ३ ने गुणून उजवा एकदा काढा: ०, ४, ८, ३९. मग डाव्याला ५ ने गुणा, त्यातून मधला चारदा काढा: ३६ आणि ९९ उरतात. हलक्याची पेंढी ९९/३६, म्हणजे २ पूर्णांक ३/४. बाकीची दोन आपसूक: मध्यम ४ पूर्णांक १/४, चांगली ९ पूर्णांक १/४. आज ही रीत गाउसच्या नावाने शिकवतात, आणि गाउस जन्मला १७७७ मध्ये. काड्या उचलताना लक्षात येतं की इथे अक्षरं लागतच नाहीत. कुठली काडी कुठल्या घरात आहे, तेच तिचं नाव.

अल्-ख्वारिझ्मी याच्यासाठी कात्री. नवव्या शतकातला बगदाद. त्याचं ठरलेलं उदाहरण: एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून ३९. कागदाचा ३ सेंटिमीटरचा चौरस कापा, त्याला ३ बाय १० ची पट्टी जोडा. (३ हे उत्तर आधीच फुटलं म्हणा, पण कापायला काहीतरी हवंच.) पट्टी मधोमध कापून ३ बाय ५ चे दोन तुकडे करा; एक चौरसाच्या उजव्या कडेला, एक खाली. कोपऱ्यात ५ बाय ५ चं भगदाड दिसेल. ते भरा: ३९ आणि २५, ६४. बाजू ८. पाच वजा, उरले ३. उजव्या पानावर आपली रीत लावली की आणखी एक उत्तर येतं, उणे १३. ते त्याने दिलेलं नाही. का नाही, हे कात्री हातात असताना विचारा. उणे तेराची कागदाची पट्टी कापून आणा म्हणावं. अशीच कापाकापी अडीच हजार वर्षं आधीच्या बाबिलोनी पाट्यांवर आहे. नक्कल? वरचा धडा पुन्हा वाचा.

मग सुतळी. दक्षिण अमेरिकेतल्या इन्का लोकांचे किपू म्हणजे आडव्या मुख्य दोरीला लोंबकळणाऱ्या दोऱ्या आणि त्यांना मारलेल्या गाठी, दशमानातच. एककाची गाठ दोरीच्या मोकळ्या टोकाकडे, शतकं-हजार वर मुख्य दोरीकडे. दहा-शंभरांना साध्या गाठी. एककाला मात्र वेढे देऊन केलेली लांब गाठ, जितके वेढे तितका आकडा. आणि एकासाठी इंग्रजी आठासारखी गाठ, कारण एका वेढ्याची लांब गाठ होतच नाही. एककाची गाठ निराळी म्हणून आकडा कुठे संपला ते कळतं. शून्य म्हणजे गाठ नसणं. मी ३०५ बांधलं आणि ते ३५ वाचता येत होतं. तीन गाठी किती उंचीवर आहेत हे एकट्या दोरीवर समजतच नाही. शेजारी चार दोऱ्या टांगल्या आणि गाठी एका पातळीत आणल्या तेव्हा रिकामं घर उठून दिसलं. काही किपूंवर वरच्या अंगाला एक दोरी असते आणि तिच्यावर खालच्या दोऱ्यांची बेरीज. लेलंड लॉक याने १९१२ मध्ये गाठींची ही भाषा उलगडली तेव्हा अशा बेरजा जुळत होत्या, हाच मोठा आधार होता. ताळा जुळला की वाचन बरोबर. याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

मायांकडे मी थोडाच वेळ राहिले. ठिपका १, रेघ ५, शिंपला शून्य, विसाची घरं. पण दिवस मोजताना तिसरं घर ४०० चं नसून ३६० चं. मी ४०० धरून एक अख्खी तारीख चुकवली. त्यांची पुस्तकं चारच उरलीत. १५६२ मध्ये मानी इथे दिएगो दे लांदा या पाद्र्याने जाळली त्यांत काय होतं ते आता कुणी तपासू शकत नाही. माती जळली की पक्की होते, झाडाच्या सालीचा कागद होत नाही.

‘आमच्याकडे आधी होतं’ याचं काय करायचं

हे तुम्हाला रोज ऐकू येईल, सगळ्या बाजूंनी. भांडू नका, व्हाउचर मागा. वस्तू कोणती? ती प्रत कधीची? तिच्यात शब्दशः काय लिहिलंय?

ग्रीक भूमितिकार युक्लिड ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराचा, पण त्याच्या भूमितीच्या ग्रंथाची तारीख असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत ८८८ सालची. मधे अकराशेहून अधिक वर्षं प्रतीवरून प्रती. मातीची पाटी मात्र लिहिणाऱ्याच्याच हातची. दोघांना एकाच तराजूत घालू नका. (युक्लिडचं पहिलंच प्रमेय कंपासने काढा: एका रेषेवर समभुज त्रिकोण. दोन वर्तुळं काढायची आणि ती एकमेकांना छेदतात तो बिंदू घ्यायचा. ती छेदतातच, हे त्याने सिद्ध केलेलं नाही. चुकीचं काही नाही, पण पावती जोडलेली नाही.)

‘शून्य कुणी शोधलं’ हा प्रश्न मागवलेल्या व्हाउचरनुसार तीन ठिकाणी फुटतो. रिकाम्या घराची खूण बाबिलोनमध्ये आणि मायांकडे. आकडा म्हणून कोरलेलं, साल नक्की असलेलं शून्य कंबोडियातल्या सांबोरच्या शिलालेखात, शक ६०५ मधला ठिपका, म्हणजे ६८३. ग्वाल्हेरच्या ८७६ च्या लेखात २७० आणि ५० आहेत. आणि ज्याच्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार करायचे ते शून्य ब्रह्मगुप्ताचं, ६२८. त्याने शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असं लिहिलंय, आणि हे आज आपण चूक म्हणतो. मला मात्र त्याची ही ओळ सर्वांत मोलाची वाटते. नुसती रिकामी जागा मानणाऱ्याला शून्याने भागायची वेळच येत नाही.

उलट टोकाला इशांगोचं हाड. काँगोत १९५० मध्ये सापडलेलं, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचं, त्यावर ओरखड्यांचे गट. एका रांगेत ११, १३, १७, १९. मूळ संख्या माहीत होत्या, असं छातीठोक सांगणारे भेटतात. मी एकच विचारते: यात चूक झाली असती तर ती कशी दिसली असती? १८ ओरखडे असते तर कुणाला काय खटकलं असतं? याचं उत्तर देता येत नसेल तर ते मोजणं आहे हे म्हणा आणि पुढे जा.

शेवटचं गणित, एका पूर्ण दुपारचं

केरळातला संगमग्रामाचा माधव, सुमारे १३४० ते १४२५. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट, म्हणजे पाय (३.१४१५९२६...), ते काढायला न संपणारी बेरीज: १ − १/३ + १/५ − १/७ ... आणि शेवटी चारपट. युरोपात हीच १६७० च्या दशकात लायब्निझच्या नावावर आली. दोघांना जोडणारा कागद मिळालेला नाही. तेव्हा तो वाद सोडा आणि पेन्सिल घ्या.

दहा पदं घ्या, १/१९ पर्यंत. बेरीज ०.७६०४६०, चारपट ३.०४१८. दहा अपूर्णांक घासून हाती इतकंच, म्हणून वैताग येतो. माधवाच्या परंपरेने हाच वैताग गणितात घेतला: थांबलो तिथे चूक किती उरली असेल, ते मोजायचं. पहिली दुरुस्ती, पदांची संख्या दहा म्हणून १/४०. ती मिळवून चारपट केली की ३.१४१८. दुसरी दुरुस्ती १०/४०१, आता ३.१४१५९०. तिसरी १०१/४०५०, आता ३.१४१५९२७. पदं तीच दहा. ज्येष्ठदेवाने १५३० च्या सुमारास मल्याळममध्ये ‘युक्तिभाषा’ लिहिली, त्यात या दुरुस्त्यांमागचा विचारही मांडलाय.

पहिल्या वेळी माझी बेरीज दुरुस्तीआधी २.४२६५ आली होती. कॅल्क्युलेटरवर ताळा केला, फरक ०.६१५३. आमच्याकडे टोटल लागली नाही की फरकाचा निम्मा शोधतात. तेवढी रक्कम जमेऐवजी नावे पडलेली असते. निम्मा ०.३०७७, आणि चार भागिले तेरा बरोबर ०.३०७७. सातवं पद, १/१३. अधिक हवं तिथे मी वजा केलं होतं. मागच्या पानावर आहे, तारखेसह.